ताईंची वही आणि ६०० बाट

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूर, आणि गावातल्या बचत गटाच्या हिशेबाची वही कित्येक वर्षं त्यांच्याच हातात. त्यांना घेऊन मी थायलंडला निघाले म्हटल्यावर घरातले आधी हसले आणि मग गप्प झाले, कारण तिकिटं काढून झाली होती.

एका टूरवाल्याकडे चौकशी केली होती. पत्रकावर ठळक अक्षरांत ‘रोज मराठी जेवण, सोबत आपले महाराज’. खालचा आकडा वाचून ताईंनी चष्मा काढला. “एवढे पैसे मोजून तिकडंही पिठलं-भातच खायचा, तर मग घरचा काय वाईट आहे?” म्हणून आम्ही आमच्याच निघालो. व्हिसा लागत नव्हता. भाऊबीज उरकून ५ नोव्हेंबर २०२४ ला रात्री मुंबईहून विमान धरायचं आणि २० तारखेच्या विधानसभेच्या मतदानाआधी घरी परतायचं, असं ठरलं. दोघींच्या खाण्यापिण्याला दिवसाला ६०० बाट ताईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. बाट तेव्हा अडीच रुपयांना जरा कमी होता, म्हणजे दीडएक हजार रुपये.

खरी अडचण पैशांची नव्हती. कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला होती, म्हणजे आमचा पहिला आठवडा चातुर्मासात येत होता. मांस-मासे-अंडं ताईंना कायमचंच वर्ज्य, त्यात चातुर्मास म्हणून कांदा, लसूण आणि वांगंही बंद. आणि जायचं कुठं, तर आपण मीठ टाकतो तितक्या सहज माशाचा अर्क टाकणाऱ्या देशात.

पहिल्या दिवशी आम्ही घाबरूनच खाल्लं. सकाळी पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळी बँकॉकच्या सुखुमवित रस्त्याजवळ एक भारतीय हॉटेल दिसलं तेव्हा माहेर दिसल्यासारखं झालं. डाळ, एक भाजी, चार रोट्या आणि जिरा राईस मागवला. बिल ८४० बाट आलं आणि डाळीत लसूण होताच. ताईंनी कोरडी रोटी आणि भात खाल्ला. दिवसभरात वातानुकूलित कॅफेत दोन कॉफ्या १६०, बाटलीबंद पाणी ४०, फळं ४५. वहीत १,०८५ हा आकडा लिहून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या. बचत गटात कुणाचा हप्ता थकला की त्या अशाच रेघा मारतात.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या गाडीवर गेलो. मी बोटानं दाखवून काहीतरी मागत होते, ताई मागून मला विचारत होत्या, “काय? काय म्हणते ती?” आणि गाडीवाली मान डोलावून कोंबडीचे तुकडे कढईत टाकायला निघालेली. थाईत कोंबडीला ‘काय’ म्हणतात हे आम्हाला संध्याकाळी कळलं. अंड्याला ‘खाय’ आणि भाताला ‘खाव’. इतक्या धोक्याच्या भाषेत मराठी माणसानं बाजारात तोंड उघडताना विचार करायला हवा. त्या दिवसापासून ताई ‘काय’ऐवजी ‘अं?’ म्हणायला लागल्या.

आमचा प्रश्न सोडवला तो गेस्टहाऊसच्या मालकिणीनं. साठीच्या बाई. सगळे त्यांना ‘पा’ म्हणत, म्हणजे आपल्याकडे मावशी-आत्या म्हणतात तसं. तिकडे अनोळखी माणसालाही नात्यानंच हाक मारतात. आपल्यापेक्षा थोडं मोठं कुणी असेल तर ‘पी’, मग ती ताई असो की दादा, आणि वयस्कर बाप्याला ‘लुंग’. ताईंना हे एकदम पटलं. रोज सकाळी पा आम्हाला विचारायच्या, “किन खाव रू यांग?” शब्दशः अर्थ ‘भात खाल्लात का?’ आणि खरा अर्थ आपल्या ‘जेवलात का?’चाच. त्याचं उत्तर द्यायचं नसतं, हसायचं असतं. पण ताई रोज प्रामाणिकपणे उत्तर द्यायच्या. त्यांची अडचण मी फोनवरच्या भाषांतरातून सांगितली तेव्हा पा म्हणाल्या, “आ, किन जे!”

‘जे’ हे तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचं व्रत. चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्यात, आपल्या नवरात्राच्याच सुमाराला, नऊ दिवस पाळतात. फुकेतला त्याचा फार मोठा उत्सव असतो. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. आणि कांदा-लसूणही नाही! ताईंनी हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. व्रत नऊ दिवसांचं असलं तरी ‘जे’ जेवणाची काही दुकानं वर्षभर चालतात. खूण एकच, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं. लांबून ती इंग्रजी १७ आकड्यासारखी दिसतात. तेव्हापासून बँकॉकच्या गल्ल्यांतून आम्ही १७ शोधत हिंडलो. नुसतं ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही हे आधीच्या अनुभवावरून कळलं होतं. मांस काढतात, पण माशाचा अर्क आणि कालवाचा सॉस तसाच राहतो, आणि करीच्या वाटणात सुकट कोळंबीचा लगदा असतोच. ‘जे’ म्हटलं की हे सगळं आपोआप वगळलं जातं.

पहिलं दुकान सापडलं ते पाच-सहा स्टीलच्या ट्रेंचं. अशा दुकानाला ‘खाव केंग’ म्हणतात, म्हणजे भात आणि कालवण. ताटलीत भात वाढतात, आपण काचेपलीकडच्या ट्रेंकडे बोट दाखवायचं, ते कालवण भातावर घालून देतात. एक कालवण ४० बाट, दोन घेतली तर ५०. बाजूला बर्फाचा डबा आणि पाण्याचा जग, दोन्ही फुकट. बर्फाची मला भीती होती. पण मधोमध भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यात शुद्ध पाण्याचा करतात, तो चालतो, असं पांनी सांगितलं होतं, आणि अकरा दिवसांत आमचं पोट एकदाही बिघडलं नाही. त्या दिवशी हिरव्या करीत ताईंना लिंबाएवढी गोल वांगी सापडली. व्रत दोन्हींकडचं असलं तरी वांग्यावर एकमत नव्हतं. त्यांनी ती एकेक करून माझ्या ताटलीत टाकली. दुसऱ्या ट्रेमध्ये गव्हाच्या आणि सोयाच्या पिठाचं खोटं मांस होतं. बदकाच्या कातडीची सुरकुतीसुद्धा हुबेहूब केलेली. ताईंनी तो ट्रे बघून मान फिरवली. “सोडलं तर सोडलं. त्याचं सोंग कशाला आणायचं?”

या दुकानांची गंमत म्हणजे ती सकाळची असतात. सहा-सातला ट्रे भरतात आणि दुपारी एक-दोनपर्यंत रिकामे होतात. आपण सकाळी हॉटेलात चहा-बिस्किटं खाणार, अकराला देवळं बघायला निघणार आणि दोन वाजता भूक लागली म्हणून हिंडणार. तोवर स्वस्त अन्न संपलेलं असतं आणि फक्त फोटोंचा मेनू टांगलेली महागडी दुकानं उघडी असतात. तिसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळी साडेसातलाच भात-कालवण खायला लागलो. ताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही, शेतावर जाणारी माणसं तशीच जेवून जातात. मला सवय लागायला वेळ लागला. पण सकाळी पोटभर जेवलं की दुपारी फळांवर भागतं, आणि फळं तिथं जागोजागी मिळतात. काचेच्या पेटीत बर्फावर पेरू, अननस, कलिंगड, कैरी. २० बाट दिले की कापून पिशवीत घालतात, बांबूची काडी देतात आणि वर साखर-मीठ-तिखटाची पुडी. तिखटमीठ लावलेला पेरू खाताना ताई शाळेच्या फाटकाशी उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या.

वहीनं आणखी एक गोष्ट दाखवली. तिसऱ्या रात्री ताईंनी ‘जेवण’ आणि ‘पेय’ अशा दोन उभ्या ओळी आखल्या, तेव्हा त्या दिवसाचे जवळजवळ निम्मे पैसे पाणी, कॉफी आणि थंड चहावर गेल्याचं दिसलं. साधी जेवणाची ताटली ५० ची आणि कॅफेतली कॉफी ८० ची! पाण्याचा उपाय गल्लीतच निघाला. भिंतीला लावलेली यंत्रं असतात, एक बाटाचं नाणं टाकलं की साधारण लिटरभर गाळलेलं पाणी येतं. आम्ही घरच्या स्टीलच्या बाटल्या नेलेल्या होत्या. पाण्याचा खर्च ४० वरून ४ वर आला तेव्हा ताईंनी तो आकडा लाल पेनानं लिहिला. चहा मात्र मला सुटला नाही. रस्त्यावर २५-३० बाटात मोठा पेला मिळतो, पण कंडेन्स्ड मिल्क इतकं ओततात की दात शिवशिवतात. ‘वान नॉय’ म्हटलं की गोड कमी करतात. त्यांचं ‘कमी’सुद्धा आपल्या लग्नातल्या चहाइतकं असतं.

मी ‘जे’ पाळत नव्हतेच, त्यामुळे माझी चैन होती. एका दुपारी असोकच्या टर्मिनल २१ मॉलमध्ये वरच्या मजल्यावरच्या पिअर २१ या फूड कोर्टात गेलो. मॉल झगमगीत, पण जेवणाचे दर रस्त्यावरचेच. आधी काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, प्रत्येक गाळ्यावर ते दाखवायचं आणि जाताना उरलेले पैसे परत घ्यायचे. ताई कार्ड परत करायला तीनदा निघाल्या, कुणी उरलेले पैसे बुडवेल म्हणून. तिथं मी ‘पाद क्रापाव’ घेतलं. कोंबडीचा खिमा, मिरची-लसूण, वर तळलेलं अंडं. प्रत्येक टेबलावर चार बरण्या असतात, साखर, मिरचीची भरड, मिरची घातलेलं व्हिनेगर आणि मिरची घातलेला माशाचा अर्क. ताटली साधी मिळते, तिची चव आपण जमवायची. मी बरणीकडे हात नेला तर ताई म्हणाल्या, “थांब. हा वास ओळखीचा आहे.” त्यांनी नुसत्या नजरेनं माझ्या ताटलीतलं एक पान निवडलं. “अगं, ही तुळस आहे.”

खरंच होती. क्रापाव म्हणजे आपली अंगणातलीच तुळस. तिथं तिच्या जोडीला ‘होरापा’ म्हणून दुसरी एक असते, बडीशेपेच्या वासाची, ती वेगळी. पण माझ्या पुढ्यात होती ती वृंदावनातली. घास हातातच राहिला. ताई दोन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, “खा आता. अन्न टाकू नये. फक्त माझ्याकडं बघू नकोस.” मी भिंतीकडे तोंड करून जेवले. चव अप्रतिम होती हे त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

अयुथ्थया या जुन्या राजधानीच्या गावी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गानं गेलो. तिकीट वीसेक बाट, लाकडी बाकं, उघड्या खिडक्या आणि डब्यात चढणाऱ्या फेरीवाल्या. आपल्या पॅसेंजर गाडीत आणि तिच्यात फरक इतकाच की शेंगदाण्याऐवजी काडीला लावलेली कोंबडी येते. तिथली रोटी साय माय खायलाच हवी. पातळ हिरवट रोटीत रंगीत साखरेचे तंतू गुंडाळायचे, म्हणजे आपल्या म्हातारीच्या केसांची पुरणपोळी. ४० बाटांच्या पुड्यात दोघींची दुपार झाली. नदीकाठी मात्र मी फसले. मीठ थापून भाजलेला अख्खा मासा बघून भान सुटलं, भाव न विचारता बसले. मासा तोलून विकत होते. ४५० बाट! पाटी कुठंही नव्हती, त्यामुळे भांडायला तोंडही नव्हतं. ताई काही बोलल्या नाहीत. वहीत फक्त ‘मासा (हिचा)’ असं लिहिलं.

१० तारखेच्या रात्रीच्या गाडीनं उत्तरेकडच्या चियांग मायला पोहोचलो. बँकॉकपेक्षा सगळंच पाच-दहा बाटांनी स्वस्त आणि गर्दी निवांत. मला खाव सॉय हवं होतं, नारळाच्या दुधातल्या मसालेदार रश्शात अंड्याच्या शेवया, वर तळलेल्या शेवया, बाजूला मोहरीच्या पानांचं लोणचं, कच्चा कांदा, लिंबू. ६० बाट. वाडगा लहान वाटला तर ‘पिसेत’ म्हणायचं, दहा बाट जास्त घेऊन भरपूर वाढतात. वारोरोत बाजारात ‘नाम प्रिक नुम’ चाखला आणि मी ओरडलेच, ताई, ठेचा! भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे, सगळं खलात ठेचलेलं. सोबत चिकट भात, तो हातानंच खायचा. ताईंनी वास घेतला, डोळे मिटले आणि बरणी खाली ठेवली. लसूण होता, आणि माशाचं काही असेल-नसेल याची खात्री नव्हती.

सोम ताम मात्र त्यांनी करून घेतलं. कच्च्या पपईचा कीस, चवळीच्या कोवळ्या शेंगा, टोमॅटो, मिरची, चिंच, गूळ. त्यात एरवी सुकट आणि माशाचा अर्क. मी फोनवर वाचून वाचून ‘माय साय’ची यादी सांगत गेले, म्हणजे ‘घालू नका’ची. सुकट नको, अर्क नको, लसूण नको. गाडीवाली हसत सुटली, “मग उरलं काय?” अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. पण तिनं मातीचा खल पाण्यानं दोनदा विसळला आणि मिठावर सगळं केलं. ताई तिच्या हाताकडे टक लावून होत्या. लाकडी मुसळीनं ती कुटत नव्हती, नुसतं दुखवत होती, दुसऱ्या हातातल्या चमच्यानं खालचं वर करत. आपल्या दगडी खलबत्त्यात त्याची चटणी झाली असती. ताईंना तो खल घ्यायचाच होता. उचलून बघितला आणि विमानाच्या वजनाचा हिशेब करून परत ठेवला.

एकादशीची मला धास्ती होती, पण तोच सगळ्यात सोपा दिवस गेला. सकाळच्या बाजारात कोळशावर भाजलेली रताळी, उकडलेल्या शेंगा, भाजलेली केळी, शहाळी. मीही त्यांच्याबरोबर उपास धरला. एका टोपलीत केळीच्या पानावर पांढरे, पारदर्शक, वाफाळते गोळे दिसले. ताईंचा चेहरा उजळला. “साबुदाणा!” साबुदाणाच होता. तिकडे त्याला ‘साकू’ म्हणतात, आणि ज्या कंदापासून तो करतात त्याच्या निर्यातीत थायलंड जगात पहिला आहे. गोळा हातात घेणार तेवढ्यात मी विचारलं, “साय अराय?” आत काय? बाई म्हणाली, “मू.” डुक्कर. ताई दोन पावलं मागं सरल्या आणि विठ्ठल विठ्ठल म्हणाल्या. पलीकडच्या गाड्यावर तोच साकू नारळाच्या दुधात शिजवलेला, कोवळ्या खोबऱ्याचे तुकडे घातलेला मिळाला. २० बाटांचा वाडगा, आणि चव आपल्या साबुदाण्याच्या खिरीची. आप्प्यांच्या पात्रासारख्या तव्यावर तांदळाचे गोड ‘खनोम क्रोक’ होत होते, ते त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या पारण्यासाठी हेरून ठेवले. त्या दिवशी दोघींचा खर्च १८५ बाट.

द्वादशीला संध्याकाळी मी खोलीवर आले तर ताईंनी खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याच्या पेल्यात क्रापावची जुडी उभी केलेली. भाजीबाजारातून १० बाटांना आणली होती. सोललेल्या उसाचे तुकडे २०, आवळे २०. बाळकृष्ण त्यांच्या पर्समध्ये कायम असतो. अक्षतांना गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरातून मूठभर चिकट भाताचा तांदूळ आणला, मंगलाष्टकं फोनवर हळू आवाजात लावली. शेजारच्या खोलीतल्या परदेशी मुली दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना उसाचे तुकडे वाटले. रात्री वहीत ओळ पडली : ‘तुळशीचं लग्न – ५०’. मी विचारलं, “ताई, हे जेवणाच्या ओळीत का?” म्हणाल्या, “ऊस खाल्लास ना?”

पौर्णिमेला लोय क्राथोंग होतं, आपली त्रिपुरारी पौर्णिमा. नदीवर केळीच्या सोपाचे दिवे सोडायला सगळं गाव लोटलं होतं. काठावरच्या गाड्यांचे भाव त्या रात्री चढलेले होते, म्हणून आम्ही जेवून गेलो.

परतताना बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर ताईंना शेवटचं भात-कालवण हवं होतं. वरच्या मजल्यांवरचे दर बघून मी नाद सोडला होता. पण तळमजल्यावर आठव्या दाराजवळ मॅजिक फूड पॉइंट म्हणून कर्मचाऱ्यांचं जेवणघर आहे, कूपन घेऊन कुणीही जेवू शकतं. झाडूवाले, टॅक्सीवाले, बॅगा ढकलणारी पोरं यांच्यात बसून दोघी १२० बाटांत जेवलो. ताईंनी उरलेली कूपनं परत केली आणि वही मांडीवर घेतली. अकरा दिवसांचे ठरलेले ६,६०० बाट, खर्च ५,६१०. ‘मासा (हिचा)’ या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हा नसता तर...” आणि मला विमानाची घोषणा ऐकू आली.

साताऱ्याहून गावच्या एस.टी.त बसलो. बायकांचं अर्धं तिकीट. ताईंनी पिशवीतली चिल्लर काढून कंडक्टरच्या हातावर ठेवली. त्यानं त्यातलं एक दोनरंगी नाणं वेगळं काढलं आणि न बघताच परत केलं. “मावशी, दहाचं नाणं कोण घेत नाही इकडं.”

ताईंनी नाणं उलटंपालटं करून बघितलं. “अरे बाबा,” म्हणाल्या, “हे पंचवीसचं आहे.”